शेतावरच्या पाण्याची कॅन

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस दारव्ह्याला राहणे झाले. भाईजानचे घर गावाच्या कडेला, शेत तिथून तीन-चार किलोमीटरवर. पाऊस नुकताच उघडला होता, पऱ्हाटी कमरेच्या वर आली होती आणि घरोघरी एकच घाई चालली होती, फवारणीची. फजरची नमाज पढून बाहेर पडलो तर रस्त्याने पाठीवर पंप अडकवलेली माणसे शेताकडे निघालेली. आमचे लहानपण याच गावात गेले. तेव्हा कापूस म्हटला की आम्हाला शकुंतला आठवायची. दारव्हा मोतीबाग स्टेशनवरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी रमतगमत जाणारी अरुंद रुळांची ती गाडी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला तो रूळ टाकला होता. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढले आहे. कापूस मात्र तसाच आहे, आणि त्याच्या जोडीला एक वास आला आहे. ओसरीवर, गोठ्यात, वाळत घातलेल्या कपड्यांत, सगळीकडे तोच उग्र वास. घरात त्याला कोणी वाईट म्हणत नाही. कारण त्याचे नावच औषध आहे.

भाईजानची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, यंदा बारावीला आहे. विज्ञान शाखा. अकरावी-बारावीला आता पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा असा एक विषय असतो आणि त्यात प्रकल्प करावा लागतो. आमचा चहा संपायच्या आत ती समोर येऊन बसली.

"चाचा, बाजारात जाणार असाल तर मला थर्माकोलची एक मोठी शीट आणाल? आणि हिरवा रंग."

"थर्माकोल कशाला?"

"पर्यावरणाच्या प्रकल्पाला. ग्लोबल वॉर्मिंगवर करतेय. सगळेच करतात, तयार मिळतो."

आम्हाला हसू आले. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरांवरही बंदी घातली, आणि आमची मुले पर्यावरण वाचवायला थर्माकोलच शोधत फिरतात. पण तिला काय बोलणार? आमच्या वेळी तर हा विषयच नव्हता. न्यायालयाने सांगितले, मंडळाने पुस्तक काढले, आणि घरी येईपर्यंत त्याचा एक तक्ता झाला. पृथ्वीला ताप आलाय, तिच्या तोंडात थर्मामीटर आहे, खाली स्केचपेनने घोषणा. असे तक्ते आम्ही इतके पाहिले आहेत की ती पृथ्वी आता ओळखीची वाटते.

शीट आणायला आम्ही गेलोच नाही. कारण त्याच वेळी तिचा धाकटा भाऊ, सातवीतला, अंगणातल्या नळाखाली पाच लिटरची एक पांढरी कॅन भरत होता. अब्बूंना आणि फवारणीवरच्या माणसांना पिण्याचे पाणी न्यायचे होते. कॅनवरचा कागद पाण्याने फाटून निम्मा गेला होता. उरलेल्या निम्म्यावर एका कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसत होता.

आम्ही कॅन हातात घेतली. "ही कसली?"

भाभी आतूनच म्हणाल्या, "औषधाची होती. पण धुतलीये हो, तीन-तीनदा. राखेने, मग सर्फने. वास घेऊन बघा, काही नाही."

वास खरेच नव्हता. ती कॅन दुसऱ्या वर्षी वापरात होती. तिच्यातलेच पाणी भाईजान शेतात पितात आणि जोहरच्या वेळी बांधावर बसून त्याच पाण्याने वुजू करतात.

या घरात निष्काळजी कोणी नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. भाभींचे स्वयंपाकघर बघाल तर ताटात चेहरा दिसेल. कॅन चांगली, घट्ट झाकणाची, फुकटची. आमच्या घरांत चांगली वस्तू टाकून देत नाहीत, आणि ही सवय एरवी कौतुकाची. बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा, श्रीखंडाच्या डब्यात हळद. पण हा एक डबा त्या हिशेबात बसत नाही. ज्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये कीटकनाशक महिनोन्महिने भरलेले असते, ते प्लास्टिक स्वतः थोडे औषध पिऊन घेते. वरून धुतले तर वरचे जाते. आत मुरलेले हळूहळू पाण्यात उतरत राहते. वास हा त्याचा पुरावा नव्हे.

पुतणीला आम्ही त्या दुपारी बिहारची गोष्ट सांगितली. १६ जुलै २०१३, सारण जिल्ह्यातले एक खेडे. शाळेत मुलांना दुपारचे जेवण वाढले. खाता खाताच पोटात दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या. २३ मुले गेली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे कीटकनाशक आपल्या कापूसपट्ट्यात कोणाला नवीन नाही. भाजीपाल्यावर ते वापरायला देशात २००५ पासून बंदी होती, पण कापसासाठी दुकानात मिळत होते. कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवले गेले होते, असे तेव्हा समोर आले. ज्यांनी ते जेवण वाढले त्यांनाही तेलाचा वास वेगळा वाटला नसेल का? वाटला असेल तरी डबा स्वयंपाकघरातच होता.

पुतणी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "पण चाचा, मग आपण याला औषध का म्हणतो?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. अजूनही नीटसे नाही. पिकाला रोग पडला, त्याला औषध मारले, इतका सरळ तो शब्द आला असावा. पण शब्दाचा परिणाम होतो. औषध म्हटले की माणूस ते कपाटात गोळ्यांशेजारी ठेवतो. औषध म्हटले की हाताला लागले तर पायजम्याला पुसतो.

मग २०१७ ची आठवण निघणारच होती. यवतमाळ जिल्ह्यात ते वर्ष कोणी विसरलेले नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती होत राहिले. उलट्या, डोळ्यांची आग, दिसेनासे होणे, श्वास न घेता येणे. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडोंना विषबाधा झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, देशभरचे पत्रकार येऊन गेले.

त्या वर्षी असे काय झाले, याची कारणे पुष्कळ सांगितली गेली आणि ती सगळीच एकमेकांत अडकलेली होती. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसालाही जुमानले नाही. म्हणून फवारण्या वाढल्या. एक औषध चालेना म्हणून दोन-तीन एकत्र करून मारली गेली. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच झाली होती, माणसाच्या छातीच्या, कुठे कुठे डोक्याच्या वर. म्हणजे फवारा खाली न जाता तोंडासमोर उडत होता. बॅटरीच्या पंपाने थेंब बारीक पडतो, वेगाने पडतो, आणि बारीक थेंब हवेत तरंगतो, श्वासाबरोबर आत जातो. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरचा दमट उकाडा. घामाने ओल्या कातडीतून हे विष लवकर शिरते. फवारणारी बरीच माणसे रोजंदारीवरची होती. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. शेताच्या मालकाला एका शेताची फवारणी दिसते, मजुराच्या अंगात आठवड्याची जमा होते.

तेव्हा एक गोष्ट फार ऐकू यायची. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, म्हणून झाले. आम्हाला हे बोलणे तेव्हाही पटले नव्हते. १९७१ चे कीटकनाशक नियम आहेत. फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असायला हवेत, असे त्यात लिहिले आहे. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, कोणी पुन्हा वापरू नयेत, हेही त्यातच आहे. नियम पन्नास वर्षांहून जुने. पण दारव्ह्याच्या उन्हात प्लास्टिकचा कोट घालून पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालून बघा, मग बोला. आणि तो कोट मजुराने स्वतःच्या रोजातून आणायचा की मालकाने द्यायचा, हा प्रश्न विचारला की सगळे दुसरीकडे बघतात. भाईजान आमचे मोठे भाऊ आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आवाज चढवत नाही. पण त्या रात्री जेवताना आम्ही हे विचारले. ते म्हणाले, "वीस वर्षं फवारतोय. काही झालं का?"

आम्ही काही बोलायच्या आत पुतणीच बोलली. "अब्बू, तुम्हाला नाही झालं. अम्मीच्या हातांना बघा."

आता हे आम्हालाही माहीत नव्हते. फवारणीच्या दिवसांत भाभींच्या हातांची, मनगटापर्यंत, आग होते. मुंग्या आल्यासारखे वाटते, रात्री झोप लागत नाही. त्यांनी ते सर्फवर ढकलले होते. फवारणीचे कपडे त्या रोज संध्याकाळी धुतात, घरच्या बाकीच्या कपड्यांबरोबर, एकाच टबात, उघड्या हातांनी. सायपरमेथ्रिनसारखी जी औषधे कापसावर सर्रास मारली जातात, त्यांच्या स्पर्शाने कातडीची अशीच आग होते, मुंग्या येतात. म्हणजे शेतात न जाताही भाभी रोज फवारणीवर होत्या. आणि त्याच टबात धाकट्याचा शाळेचा शर्ट होता.

भाईजान जेवता जेवता थांबले. काही म्हणाले नाहीत. आम्हीही विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीने वही घेतली आणि गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. तिचा प्रकल्प तिथे सुरू झाला. पहिल्या पानावर तिने शीर्षक लिहिले: आमच्या घरातील विषांची यादी. औषध हा शब्द तिने मुद्दाम टाळला.

एकूण अकरा बाटल्या, पुड्या आणि कॅन निघाल्या. त्यातल्या तीन अशा, ज्यांचा वापर कशासाठी करायचा हे घरात कोणालाच आठवेना. एक बाटली दादीजानच्या जुन्या पेटीवर, पांघरुणांच्या शेजारी. प्रत्येकीवर कागद होता, आणि कागदावर मराठीतही मजकूर होता, पण इतका बारीक की भाईजानना चष्मा लावूनही वाचता आला नाही. त्यांचे शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत झालेले. भाभींना मराठी बोलता येते, वाचायला वेळ लागतो. कृषी केंद्रवाला सांगतो ते प्रमाण, तो म्हणतो ते मिश्रण. घरात तो कागद वाचू शकणारी माणसे दोनच. एक बारावीत, एक सातवीत.

म्हणून हे सदर आज आम्ही खास आमच्या विद्यार्थी वाचकांसाठी लिहितो आहोत. तुमच्या घरातली बाटली घ्या, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून घ्या. तिच्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला दिसेल, शंकरपाळ्यासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्याच्या वरच्या भागात कवटी आणि हाडे असतात. पिवळा त्याच्या खालोखाल, तोही पुरता विषारी. निळा मध्यम. हिरवा सर्वांत सौम्य, पण बिनविषारी नव्हे. अडाणी माणसालाही कळावे म्हणून हे रंग ठेवले आहेत, आणि आमच्याकडे शिकलेल्यांनाही ते माहीत नाहीत. कॉलेजमधल्या कितीजणांना विचारले, हिरवा म्हणजे शाकाहारी आणि लाल म्हणजे मांसाहारी असे उत्तर आले. एका परीने त्यांचे चुकले नाही. त्यांना खाण्याच्या पाकिटावरचा ठिपकाच शिकवलेला आहे.

पुतणीच्या यादीत लाल एक, पिवळे पाच, निळे तीन, हिरवा एक निघाला, आणि एकीवर कागदच नव्हता.

मग तिने पाठ्यपुस्तक काढले. बारावीच्या जीवशास्त्राचा कधी नव्हे तो घरात उपयोग झाला. ऑर्गॅनोफॉस्फेट नावाची जी औषधे आहेत, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, ती नेमके काय करतात? नसेकडून स्नायूला निरोप जातो, तो एका रसायनाच्या रूपाने. काम झाले की ते रसायन पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. हे विष त्या विकरालाच बांधून ठेवते. निरोप पुसला जात नाही, तोच तोच पोचत राहतो. म्हणून तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, छाती भरून येते आणि शेवटी श्वास थांबतो. अळीच्या शरीरातही हेच घडते. अळीला मारणारे आणि माणसाला मारणारे कारण एकच, फरक फक्त मापाचा.

हे समजले की करायचे काय तेही आपोआप समजते. फवारणाऱ्याला भोवळ आली, मळमळ झाली, तर पहिले काम कपडे उतरवणे आणि साबण-पाण्याने सगळे अंग धुणे, केसांसह. दूध, तूप पाजायचे नाही, अंगाला तेल चोळायचे नाही, बोटे घालून उलटी काढायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि जाताना औषधाची बाटली किंवा तिचा कागद सोबत न्यायचा, कारण काय अंगात गेले हे डॉक्टरला कळले तरच अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन द्यायचे की आणखी काही, हे लवकर ठरते. २०१७ मध्ये पुष्कळ पेशंट आले तेव्हा नातेवाइकांना औषधाचे नावच सांगता येत नव्हते. ते नाव पाठ असणे हे घरातल्या शिकणाऱ्या मुलाचे काम.

रिकाम्या कॅनचे काय करायचे? फवारणीच्या वेळीच तीनदा पाण्याने खळबळून ते पाणी पंपात ओतायचे, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग खिळ्याने भोके पाडायची, म्हणजे पुन्हा कोणी पाणी भरणार नाही. विहिरीपासून, ओढ्यापासून दूर पुरायची. जाळायची तर मुळीच नाही. जळत्या प्लास्टिकचा आणि विषाचा धूर एकदम नाकात जातो.

कपड्यांची व्यवस्था भाभींनी स्वतःच लावली. फवारणीचा एक जोड वेगळा, तो शेतातल्या खोपटातच राहणार. भाईजान तिथेच हातपाय साबणाने धुऊन दुसरे कपडे घालून घरी येणार. धुण्यासाठी वेगळी बादली आणि रबरी हातमोजे. मोजे कृषी केंद्रात नव्हते, भांड्यांच्या दुकानात मिळाले.

एवढे झाल्यावर भाईजान म्हणाले, "हे सगळं ठीक. पण अळी पडली तर? फवारायचं नाही का?" प्रश्न रास्त होता. कापूस गेला तर मुलीची फी कुठून येणार? पर्यावरणावर लिहिणारे लोक या प्रश्नाला वळसा घालून जातात, म्हणून शेतकरी त्यांचे ऐकत नाहीत.

उत्तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ आणि कृषी खात्याची माणसे किती वर्षांपासून देत आहेत: मोजल्याशिवाय फवारायचे नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. त्यात मादीच्या गंधाची गोळी असते, बोंडअळीचे नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरातली दहा फुले-बोंडे किडकी निघाली, तरच औषधाची वेळ आली असे समजायचे. त्याआधी सुरुवातीच्या मावा-तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. पाच किलो निंबोळीचे कूट रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी फडक्याने गाळायचे, थोडा साबण घालून शंभर लिटर करायचे. जूनमध्ये प्रत्येक कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो आणि आपण तो झाडून टाकतो. आणि डिसेंबरनंतर फरदड घ्यायची नाही. जादा दोन क्विंटलच्या आशेने उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीला दिलेला पाहुणचार.

पतंग मोजायचे काम पुतणीने मागून घेतले. कॉलेजला जायच्या आधी सायकलने शेतावर, वहीत आकडा, आणि परत. तिच्या प्रकल्पात आता तक्ता आहे, पण तो तिने स्वतः भरलेला आहे.

यवतमाळला, अमरावतीला, नागपूरला खोली घेऊन शिकणारी आमची मुले म्हणतील, आमचा फवारणीशी काय संबंध? त्यांच्या खोलीतही एक बारीकसा फवारा रात्रभर चालू असतो. मच्छर अगरबत्ती. खिडक्या बंद, पंखा चालू, तीन मुले जमिनीवर, उशाशी कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मोजले गेले की एक कॉइल जळताना जेवढे अतिसूक्ष्म धूलिकण हवेत जातात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून जातात. सिगारेटच्या नावाने कानाला हात लावणारी मुले सकाळी खोकत उठतात. मच्छरदाणी लावा. आजोबांच्या काळातली वस्तू म्हणून हसू नका. आणि डास जिथून येतात ते ठिकाण विदर्भात तर खिडकीलाच लटकलेले असते, कूलर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास निघतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करायची. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, सुकली तरी महिनोन्महिने जगतात. ब्रशने घासावे लागते. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री लावलेल्या कॉइलने त्याचे काही बिघडत नाही.

पुतणीच्या वहीत आणखी एक पान आहे, पाण्याचे, आणि ते तिने आम्हाला न विचारता केले. नळाखाली बादली ठेवून तिने घरातल्या प्रत्येकाला वुजू करायला लावले. तोटी सुरू ठेवून केलेल्या एका वुजूत बारा लिटरची बादली निम्मी भरली. पाच वेळचे तीस लिटर, पाच माणसांचे दीडशे. हदीसमध्ये पैगंबर (स.) एका मुद्दभर पाण्याने वुजू करीत असल्याचे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर, एक लहान लोटा. दादीजान अजून लोट्यानेच वुजू करतात. त्यांची बादली तळाशी जेमतेम ओली झाली होती. इसराफ हा शब्द आम्ही शादीच्या जेवणाबद्दल बोलताना फार वापरतो. तोटीबद्दल कधी वापरला असेल तर आम्हाला आठवत नाही.

जुनी पांढरी कॅन धाकट्यानेच खिळ्याने फोडली. त्या कामात त्याला भलतीच मजा आली. शेतावर पाणी न्यायला आता स्टीलची कळशी आहे. जड होते म्हणून तो कुरकुरतो. यादीतली कागद नसलेली बाटली मात्र अजून गोठ्याशेजारच्या खोलीत, कुलूप लावलेल्या पेटीत पडून आहे. ती द्यायची कुठे, याचे उत्तर गावात आम्हाला मिळाले नाही. कृषी केंद्रवाला घेत नाही, घंटागाडीत टाकायची नाही, आणि नाव माहीत नसलेले विष जमिनीत ओतायला मन धजत नाही. कंपन्यांनी विकलेले परत घेण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी तरी असायला हवी. ही मागणी आमच्या वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. अर्ज कसा लिहावा हे मुलांना शाळेत शिकवलेलेच आहे.

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला होता. तीन रात्री सापळ्यात नऊ, आठ, अकरा पतंग आले, म्हणून फवारणी करावी लागली. तिचा आवाज थोडा पडलेला होता, जणू परीक्षेत नापास झाली. आम्ही म्हटले, अगं, मोजले म्हणून कळले, आणि मागच्या वर्षी या वेळेपर्यंत किती फवारण्या झाल्या होत्या? तिने हिशेब केला. पाच. यंदाची ही दुसरी.

मग तिने दुपारची गोष्ट सांगितली. ती कॉलेजात होती, तास चालू होता, आणि भाईजानचा तीनदा फोन आला. बाहेर येऊन तिने घाबरत उचलला. ते कृषी केंद्राच्या काउंटरवर उभे होते, हातात बाटली, मागे माणसांची रांग.

"बेटा," ते विचारत होते, "निळा आहे की हिरवा, इथल्या उजेडात कळत नाही. वरती काय लिहिलंय ते एकेक अक्षर सांगतो, तू वाच."